१९ मृत्यू, एक बाटली आणि एक चौकशी समिती : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं की चौका मागे पडतं आणि फुलंब्री येतं. पल्स पोलिओच्या रविवारी इथेही बूथ लागतो. आशाताईंनी आदल्या दिवशीच घरोघरी निरोप दिलेला असतो. आई पोराला कडेवर घेऊन येते, तोंडात दोन थेंब पडतात, करंगळीवर शाईची खूण होते आणि दोघं घरी जातात.

त्या बाटलीत काय आहे, हे ती आई तपासत नाही. तिला ते तपासताही येणार नाही. तिच्यासाठी ते कुणीतरी तपासलं असेल, एवढ्या विश्वासावर ती पोराचं तोंड उघडते.

पोलिओचे हे थेंब देशात ज्या मोजक्या ठिकाणी तयार होतात, त्यातलं एक नाव आपल्या मुंबईचं आहे. परळचं हाफकिन. सापाच्या विषावरचं इंजेक्शनही हाफकिनचं असतं, हे शेतात राबणाऱ्यांना माहीत असतं.

पण हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. आणि या माणसाचं अर्धं आयुष्य नेमक्या याच प्रश्नाने पोखरलं होतं, हे तर त्याहून कमी जणांना. प्रश्न असा, की बाटलीत काय आहे हे तपासायचं कुणी? आणि काही चुकलं तर दोष कुणाचा, हे ठरवायचं कुणी?

सुरुवातीपासून सांगतो.

ओडेसाचा पोरगा पॅरिसला कसा पोचला?

वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्या काळात रशियात ज्यूंवर हल्ले व्हायचे, घरंदारं लुटली जायची. कॉलेजात असताना हाफकिन अशा हल्ल्यांविरुद्ध उभे राहिले आणि तुरुंगातही जाऊन आले.

त्यांचा विषय प्राणिशास्त्र. गुरू होते मेचनिकॉव्ह, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. पण ज्यू माणसाला रशियात प्राध्यापकी मिळणं अवघड होतं. १८८८ मध्ये हाफकिन यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग पॅरिसची पाश्चर संस्था. तिथे काम काय मिळालं? ग्रंथालयात सहायक म्हणून. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असं चाललं.

त्या काळी कॉलरा माणसं गिळत होता. हाफकिन यांनी कॉलऱ्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिली टोचून घेतली ती स्वतःला. ताप आला, उतरला, माणूस शाबूत राहिला.

आता ही लस खरंच उपयोगी आहे हे पाहायचं, तर कॉलरा जिथे ठाण मांडून बसलाय तिथे जायला हवं. ती जागा होती भारत. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. पुढची दोन-अडीच वर्षं ते उत्तर हिंदुस्तानात आणि बंगाल-आसामात फिरले, हजारो लोकांना लस टोचली.

इथे त्यांची एक सवय लक्षात ठेवा, पुढे ती कामाची आहे. एकाच वस्तीत, एकाच घरात, लस घेतलेले किती आणि न घेतलेले किती, त्यातले आजारी किती पडले आणि मेले किती, याची ते नोंद ठेवायचे. माझी लस चांगली आहे असं नुसतं सांगून ते थांबत नव्हते, आकडे समोर ठेवत होते.

मुंबईत प्लेग आला आणि हाफकिनही आले

साल १८९६. सप्टेंबर महिना. मुंबईच्या मांडवी भागात उंदीर मरून पडायला लागले, मग माणसं पडायला लागली. काखेत, जांघेत गाठी, सणकून ताप आणि दोन-चार दिवसांत खेळ खलास. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. मुंबई रिकामी होऊ लागली. गिरण्यांतले कामगार गावाकडे निघाले आणि त्यांच्यासोबत प्लेगही निघाला.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. ऑक्टोबरमध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक खोली आणि एक व्हरांडा. सोबत एक कारकून आणि तीन शिपाई.

लसीसाठी प्लेगचे जंतू वाढवायला लागतात आणि जंतूंना खायला मटणाचा रस लागतो. युरोपात गोमांस सर्रास वापरत. पण इथे टोचून घेणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही. गाय नको आणि डुक्करही नको. हाफकिन यांनी बोकडाच्या मटणाचा रस वापरला. त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या थेंबाला धरून जंतू खाली लोंबत वाढतात, हे त्यांना दिसलं होतं. मग ते जंतू उष्णतेने मारायचे आणि तीच लस. आपल्या स्वयंपाकघरातलं तूप जगातल्या पहिल्या परिणामकारक प्लेगलसीच्या कामी आलं ते असं.

अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे लोकांना दिली त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत. ताप चढला, हात सुजला, पण काही दिवसांत ते उभे राहिले.

तुरुंगातला प्रयोग

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी तिथल्या कैद्यांसमोर लसीचा प्रस्ताव ठेवला. जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली, निम्म्यांनी नाही. एकच जागा, एकच जेवण, एकच हवा. पुढच्या दिवसांत न घेतलेल्यांमध्ये प्लेग जास्त झाला आणि मृत्यूही जास्त झाले.

लस काम करते, असं दिसलं. सगळे खूश झाले.

पण आज हे वाचताना एक प्रश्न पडायला हवा. कैदी खरंच नाही म्हणू शकत होते का? समोर तुरुंगाधिकारी उभा, बाहेर प्लेग आणि हातात बेडी. अशा माणसाच्या होकाराला होकार म्हणायचं का?

पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, बडोद्याजवळच्या उंधेरा गावात आणखी एक प्रयोग झाला. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, बाकीच्यांना दिली नाही. प्लेग शिरलेल्या २८ घरांचे आकडे पाहा. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ गेले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला, त्यातले २६ गेले.

शास्त्र म्हणून हा पुरावा भक्कम होता. पण त्या २६ जणांच्या घरच्यांच्या जागी उभं राहून बघा. एका भावाला दिली, दुसऱ्याला नाही, हे कुणी ठरवलं? प्रयोग करणाऱ्यानेच. त्याला विचारणारं, थांबवणारं, त्याच्याकडून खुलासा मागणारं तिथे कुणीच नव्हतं.

यात हाफकिन दुष्ट होते असं अजिबात नाही. त्या काळात जगात कुठेच तशी पद्धत रुजलेली नव्हती. चांगला माणूस असणं आणि स्वतःला आधी टोचून घेणं, हीच काय ती हमी.

कमिटी म्हटलं की पुण्याला धडकी भरायची

तोवर कमिटी हा शब्द मराठी माणसाच्या कानाला वेगळ्याच अर्थाने कडू झाला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग कमिटी आली, तिचा प्रमुख रँड. गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायचे, माणसं उचलून नेऊन वेगळी ठेवायचे, सामान जाळायचे. त्याच मार्च महिन्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

या कमिटीकडे अधिकार भरपूर होता. लोकांचं ऐकून घेण्याची सोय मात्र नव्हती. त्यामुळे सरकारकडून येणाऱ्या सुईबद्दलही अफवा पसरल्या. सुईने माणूस मरतो, धर्म बाटतो, असलं काहीबाही. मग तिसरे आगाखान, तेव्हा जेमतेम विशीतले, पुढे आले. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला गोळा केलं आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. सोल्जरच्या जबरदस्तीने जे जमलं नाही ते इथे विश्वासाने जमलं.

१८९८ मध्ये सरकारने वेगळ्या प्रकारचं एक मंडळ नेमलं, भारतीय प्लेग आयोग. अध्यक्ष एडिंबराचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर. सदस्यांमध्ये टायफॉइडच्या लसीवर काम करणारे आल्मरोथ राइट होते. हाफकिन यांच्या हाताखालचं यात कुणी नव्हतं. आयोग गावोगाव फिरला, साक्षी घेतल्या, हाफकिन यांचे आकडे एकेक करून तपासले.

निष्कर्ष काय निघाला? लसीने प्लेग होण्याचं प्रमाण कमी होतं, मृत्यूचं त्याहून कमी होतं, पण संरक्षण पूर्ण नाही. काही आकड्यांवर आयोगाने शंका घेतली. प्रत्येक खेपेची लस सारख्याच ताकदीची निघायला हवी, याकडे बोट दाखवलं. आणि काळजी घेऊन लस देत राहावी, अशी शिफारस केली.

कौतुक आणि टीका दोन्ही, आणि दोन्ही पुराव्यासकट. हाफकिन यांना यातलं सगळंच आवडलं नसणार. पण लसीवरचा विश्वास वाढला तो अशाच तपासणीमुळे. शोध लावणाऱ्याने स्वतःच्या लसीला चांगलं म्हणण्यापेक्षा बाहेरच्याने तपासून बरी म्हणण्याला जास्त वजन असतं.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. एका खोलीतून थेट गव्हर्नरच्या बंगल्यात. हाफकिन तिचे संचालक झाले. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत होतं.

मुल्कोवाल, ३० ऑक्टोबर १९०२

पंजाबात प्लेग उसळला होता. तिथल्या सरकारने लसीची प्रचंड मागणी नोंदवली. परळला रात्रंदिवस काम सुरू झालं.

आधी लसीच्या बाटलीत थोडं कार्बोलिक आम्ल घालत. बाहेरचे जंतू वाढू नयेत म्हणून. आता उत्पादन वाढवायचं होतं. हाफकिन यांनी पद्धत बदलली. कार्बोलिक वगळलं आणि निर्जंतुक करण्याची सगळी भिस्त उष्णतेवर ठेवली. पाश्चर संस्थेत ही पद्धत रुळली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या लागल्या. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळले, पाठ कमानीसारखी वाकू लागली. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले.

हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटली क्रमांक ५३ एन. बाकी चार बाटल्यांतून लस घेतलेले ८८ जण ठणठणीत.

प्लेगपासून वाचण्यासाठी हात पुढे केलेली ही माणसं. त्यांचे चेहरे, त्यांची घरं याबद्दल इतिहासाला फार काही सांगता येत नाही. बाटलीचा क्रमांक मात्र आजही सगळीकडे छापलेला सापडतो. गोष्ट हाफकिन यांची असली तरी हे विसरून चालत नाही.

चौकशी झाली, पण कशी?

सरकारने तिघांची चौकशी समिती नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्राचार्य बॉमफर्ड आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक सेंपल. नावं मोठी, माणसं शिकलेली.

समितीने ठरवलं की बाटली उघडण्याआधीच दूषित झालेली होती. म्हणजे चूक परळची. कार्बोलिक वगळलं हीच गडबड. म्हणजे चूक हाफकिन यांची.

हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले. ज्या माणसाने दोन साथींवर दोन लसी दिल्या, त्याची ओळख आता १९ जणांना मारणारा अशी झाली. फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. हाफकिन यांच्या प्रकरणालाही पुढे छोटं ड्रायफस प्रकरण म्हटलं गेलं.

पण समितीसमोरच्या कागदांतच एक साधी गोष्ट होती. मुल्कोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने पुरेसा निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुडवून परत वापरला. धनुर्वाताचे जंतू कुठे असतात? मातीत, शेणात. शेतात खिळा घुसला की आपण धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो ते याचसाठी.

दुसरी गोष्ट. ती बाटली परळला भरली गेली तेव्हापासून उघडेपर्यंत ४१ दिवस गेले होते. एवढे दिवस धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत वाढत राहिले असते, तर त्या द्रवाला दुर्गंधी सुटली असती, आणि विषही इतकं साठलं असतं की लोकांना आठवडाभर वाट पाहावी लागली नसती. शिवाय ज्या कार्बोलिकवरून एवढं रान उठलं, ते एवढ्या कमी प्रमाणात धनुर्वाताच्या चिवट बीजाणूंना मारू शकतं का, हाही प्रश्न होताच.

लंडनच्या लिस्टर संस्थेकडे हे प्रकरण तपासायला गेलं. तिचं मत वेगळं पडलं. बाटली उघडताना ती दूषित झाली असण्याचीच शक्यता जास्त.

तरीही हाफकिन यांना पद परत मिळालं नाही. प्रकरणाचे कागद जाहीर झाले ते थेट १९०६ च्या अखेरीस. म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. तोवर बाहेरच्या कुणालाही मूळ पुरावा नीट बघून वेगळं मत मांडता येत नव्हतं.

रॉस मैदानात उतरले

कागद बाहेर आले आणि ते वाचून एक माणूस भडकला. रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे, १९०२ चं नोबेल मिळवणारे. त्यांचा तो शोध १८९७ मध्ये सिकंदराबादला लागला होता, म्हणजे निजामाच्या राज्यात. तेव्हा आपली फुलंब्रीही त्याच राज्यात होती.

रॉस यांचा या प्रकरणात स्वतःचा काही फायदा नव्हता. हाफकिन यांच्या नोकरीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं आणि लसीच्या धंद्याशीही नव्हतं. १९०७ मध्ये त्यांनी नेचरसारख्या नियतकालिकांत लेख लिहून पुरावा मुद्देसूद मांडला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून आलं. त्यावर रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. अमेरिकेतले सायमन फ्लेक्सनर त्यात होते.

या दहा जणांना कुणी नेमलं नव्हतं. पगार नव्हता, अधिकार नव्हता. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. विषयाची जाण आणि कुणाचीही बांधिलकी नसणं. खरी स्वतंत्र समिती म्हणावी तर हीच.

सरकारला नमतं घ्यावं लागलं. १९०७ च्या अखेरीस हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा नोकरीत घेतलं गेलं. पण परळची खुर्ची तोवर दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कलकत्त्याला जावं लागलं. उमेदीची वर्षं निघून गेली होती. पूर्वीसारखं मोठं काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नाही. १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले. शेवटची वर्षं ज्यू धर्माच्या अभ्यासात आणि ज्यू शिक्षणाच्या कामात गेली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.

त्याआधी पाच वर्षं, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

मग चूक नेमकी कुणाची?

गोष्ट इथे संपवली तर ती हीरो आणि व्हिलनची होईल. तशी ती नाही.

हाफकिन यांच्यावर अन्याय झाला, हे खरं. पण आणखी एक गोष्टही खरी आहे. हजारोंच्या अंगात जाणाऱ्या लसीची पद्धत एका माणसाने आपल्या अधिकारात बदलली. तो बदल बाहेरच्या कुणी आधी तपासला नव्हता. तपासला असता, आणि तपासून योग्य ठरवला असता, तर मुल्कोवालनंतर बोट दाखवणाऱ्यांना तिथेच उत्तर मिळालं असतं. म्हणजे बाहेरच्या तपासणीने गावकऱ्यांचं रक्षण होतं, तसंच प्रामाणिक संशोधकाचंही होतं.

आणि गावात सुई टोचताना काय काळजी घ्यायची, चिमटा पडला तर काय करायचं, हे कुणी लिहून दिलं होतं का, अमलात येतंय का हे कुणी बघत होतं का, हा प्रश्न त्या समितीने आधी विचारायला हवा होता. त्या समितीला दोषी माणूस शोधायचा होता. पण पुढच्या गावात हे घडू नये, याची सोय लावणं हे त्याहून मोठं काम होतं.

यातून तीन धडे निघतात. समिती माणसं मेल्यावर नेमायची नसते, पहिली सुई टोचण्याआधी असावी लागते. ती संशोधकापासून आणि सरकारपासूनही मोकळी असावी लागते. आणि तिने काय पाहिलं, कशावरून ठरवलं, हे इतरांना बघता आलं पाहिजे.

आज काय सोय आहे?

हे धडे जगाला लगेच पटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांत माणसांवर झालेले प्रयोग उघडकीला आले, त्यानंतर नियम कडक होत गेले. भारतात आयसीएमआरने माणसांवरच्या संशोधनाबाबतचं पहिलं धोरण १९८० मध्ये काढलं. पुढे २०००, २००६ आणि २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. २०१९ मध्ये नव्या औषधांच्या चाचण्यांचे स्वतंत्र नियम झाले.

या नियमांनुसार औषधाची किंवा लसीची चाचणी करायची, तर नोंदणीकृत एथिक्स कमिटीची, म्हणजे नैतिकता समितीची, मंजुरी आधी लागते. समितीत किमान सात सदस्य. त्यात सगळे डॉक्टर चालत नाहीत. कायदा जाणणारी एक व्यक्ती, किमान एक महिला आणि वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती हवीच. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच हवा. चाचणीत कुणाला गंभीर त्रास झाला किंवा कुणी दगावलं, तर संशोधकाने २४ तासांत कळवायचं असतं.

सामान्य माणूस तिथे कशाला, असं वाटेल. तर तो विचारतो असे प्रश्न जे तज्ज्ञाला सुचत नाहीत. हा फॉर्म माझ्या आईला समजेल का? मजुरी बुडली तर पैसे कोण देणार? कैद्याने नाही म्हटलं तर त्याच्या जेवणात फरक पडेल का?

मोठ्या चाचण्यांत आणखी एक मंडळ असतं. डेटा सेफ्टी मॉनिटरिंग बोर्ड. चाचणीत कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला नाही, हे रुग्णाला आणि बऱ्याचदा डॉक्टरलाही माहीत नसतं. कुणाचा कल निकालात मिसळू नये म्हणून. पण मग मधेच त्रास वाढतोय हे कळणार कसं? त्यासाठी हे बाहेरचे तज्ज्ञ ठरावीक काळाने दोन्ही बाजूंचे आकडे उघडून बघतात. धोका दिसला तर चाचणी थांबवा असा सल्ला देतात. औषध स्पष्टपणे गुणकारी दिसलं, तरीही लवकर थांबवा म्हणू शकतात, म्हणजे उरलेल्यांना ते नाकारलं जाणार नाही. उंधेऱ्यात असं मंडळ असतं तर लस न मिळालेल्यांचे मृत्यू मोजता मोजता कुणीतरी मधेच हात वर केला असता.

हे मंडळ सल्ला देतं, औषध विकत नाही. त्यातल्या कुणाचा त्या कंपनीत पैसा किंवा हितसंबंध गुंतलेला नसावा लागतो.

हे आपल्याला कशाला माहीत पाहिजे?

कारण उद्या फुलंब्रीतून तुम्ही घरच्या कुणाला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाल आणि तिथे एखादा डॉक्टर नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारेल. घाबरून पळून जायचं कारण नाही. चाचण्या झाल्या नसत्या तर पोलिओचे थेंबही आले नसते. पण वाचल्याशिवाय अंगठाही लावायचा नाही.

माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागा. त्यावर नैतिकता समितीचा संपर्क दिलेला असतो, तो शोधा. शंका असेल तर थेट तिथे विचारता येतं. नाही म्हणायचा हक्क आहे, आणि हो म्हटल्यावर मधेच बाहेर पडायचाही आहे. त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळायला हवेत आणि नियमानुसार भरपाईही.

मुल्कोवालच्या त्या १९ जणांना यातलं काहीच विचारता आलं नव्हतं. हाफकिन यांनाही आपली बाजू ऐकणारं निष्पक्ष कुणीतरी मिळायला पाच वर्षं लागली. त्यांचं नाव असलेली परळची संस्था आजही उभी आहे आणि महाराष्ट्राच्या हाफकिन महामंडळाचे पोलिओचे थेंब देशभर जातात.

पुढच्या वेळी पोराच्या करंगळीवर शाईची खूण दिसली की हे आठवा. त्या दोन थेंबांआधी अनेक जणांनी तुमच्या वतीने प्रश्न विचारलेले असतात. ते विचारणारे स्वतंत्र आहेत ना, हे बघणं मात्र आपलं काम आहे.